गॅलरीतील ऑर्किड: मुंबईच्या एका बागछंदाचा इतिहास

घरात ऑर्किड वाढवण्याचा छंद थंड देशांत रुजला. तिथल्या काचघरांत कोळसा जाळून, नळांतून गरम पाणी फिरवून आणि फरशीवर पाणी शिंपडून उबदार, दमट हवा तयार केली जात असे. गिरगाव, दादर, परळ, लालबाग या भागांना तशी हवा समुद्र आणि मोसमी वारा आयतीच देतात. तरीही मुंबईच्या गॅलऱ्यांत ऑर्किड सर्रास दिसू लागले ते अलीकडच्या काही दशकांत. त्यांतील बहुतेक रोपे सह्याद्रीच्या जंगलातली नाहीत; थायलंड, तैवान आणि हॉलंडमध्ये विकसित झालेले ते संकर आहेत. सुमारे दोनशे वर्षांच्या या वाटचालीत शहरातील बागा, कॉलेज, फुलबाजार आणि घरे यांचा वाटा आहे. ऑर्किडला ऊब लागतेच, पण त्याचे जगणे-मरणे बहुतांशी मुळांभोवतीच्या हवेवर ठरते, हे या वाटचालीत प्रत्येक टप्प्यावर दिसून आले.

झाडावरचे झाड

ऑर्किड कुळाला मराठीत आमरी असेही म्हणतात. जगात या कुळाच्या सुमारे २८,००० जाती आहेत. भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सूचीत भारतातील १,२५६ जातींची नोंद आहे. महाराष्ट्रात शंभराहून अधिक जाती आढळतात. त्यांचे ढोबळमानाने दोन गट पडतात. हबेनारियासारखी जमिनीवरची ऑर्किड पावसाळ्यात कंदातून उगवतात, फुलतात आणि पाऊस सरला की वाळून पुन्हा मातीत दडतात. दुसरा गट झाडांच्या खोडाफांद्यांवर वाढणाऱ्यांचा. घरात वाढवली जाणारी बहुतेक ऑर्किड या दुसऱ्या गटातली.

कोकणात आंब्याच्या किंवा जांभळाच्या फांदीवर असे रोप दिसले की ते बांडगूळ समजून काढून टाकण्याची चाल आजही आढळते. बांडगूळ आपली मुळे यजमान झाडाच्या आत घालून त्याचे पाणी शोषते. ऑर्किड फक्त सालीला धरून बसते. पाऊस, दव आणि सालीवर साचलेला पालापाचोळा एवढ्यावर त्याचे भागते. त्याच्या मुळांवर मृत पेशींचे पांढुरके आवरण असते. पाणी मिळताच ते स्पंजासारखे भरून घेते आणि मूळ हिरवे दिसू लागते. पाणी संपले की तेच मूळ पुन्हा रुपेरी होते. या आवरणात जितके पाणी खेळते तितकीच हवाही खेळावी लागते. ते सतत भिजलेले राहिले तर मूळ गुदमरून कुजते.

सह्याद्रीतील ऑर्किडचे वर्ष पावसाने बांधलेले असते. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत नवी पाने, नवी खोडे आणि नवी मुळे येतात. त्यानंतरचे आठ महिने साठवलेल्या पाण्यावर काढायचे असतात. डेंड्रोबियम बार्बाट्युलम पावसाळ्यानंतर पाने गाळते आणि हिवाळ्याच्या अखेरीस निष्पर्ण कांड्यांवर पांढरी फुले उमलवते. सीतेची वेणी या नावाने परिचित असलेले ऱ्हिंकोस्टायलिस रेट्युसा पावसाळ्याच्या तोंडाशी गुलाबी ठिपक्यांच्या फुलांचे लांब लोंबते घोस धरते. एरिडिसच्या जातीही उन्हाळा संपता संपता फुलतात. औषधी उपयोगामुळे रास्ना म्हणून ओळखले जाणारे व्हँडा टेसेलाटा मैदानी भागातील झाडांवरही तग धरते. ओल आणि विश्रांती यांचा हा फेरा जिथे समजून घेतला गेला नाही तिथे ऑर्किड मेले. युरोपातील काचघरांचा सुरुवातीचा इतिहास याची साक्ष देतो.

शिवडीची बाग आणि भायखळ्याचा राणीचा बाग

मुंबईत बागकामाला संस्थेचे रूप मिळाले ते १८३० मध्ये. त्या वर्षी ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया स्थापन झाली आणि तिने शिवडीला बाग उभारली. शेतीची पिके, फळझाडे आणि भाज्या यांच्या उपयुक्त वाणांचा प्रसार हा तिचा मुख्य उद्देश होता. ऑर्किडपासून धान्य, धागा किंवा तेल मिळत नसल्याने या कामात त्याला दुय्यम स्थान होते. पण याच संस्थेच्या आश्रयाने १८३९ मध्ये जॉन ग्रॅहम यांची मुंबई आणि परिसरातील वनस्पतींची सूची छापली गेली. ग्रॅहम हे मुंबईचे डेप्युटी पोस्टमास्तर जनरल होते. पुस्तक पूर्ण होण्यापूर्वीच खंडाळ्याला त्यांचा मृत्यू झाला आणि उरलेले काम त्यांचे मित्र जोसेफ निम्मो यांनी तडीस नेले. बागेत लावलेली आणि रानात उगवणारी झाडे या सूचीत एकत्र आली आणि परिसरातील ऑर्किडही शास्त्रीय नोंदीत शिरली.

१८६० च्या दशकात शिवडीच्या बागेची जागा ख्रिस्ती दफनभूमीसाठी घेण्यात आली. संस्थेचे काम भायखळ्याच्या नव्या बागेकडे वळले. व्हिक्टोरिया गार्डन्स या नावाची ही बाग १९ नोव्हेंबर १८६२ रोजी लेडी फ्रियर यांच्या हस्ते खुली झाली. मुंबईकरांनी तिला राणीचा बाग म्हटले आणि आज ती वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान म्हणून ओळखली जाते. बाग आणि तिच्या आवारातील संग्रहालय या दोन्हींच्या उभारणीत डॉ. जॉर्ज बर्डवुड अग्रभागी होते. संग्रहालयाच्या कामात त्यांना गिरगावचे जगन्नाथ शंकरशेट आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांची साथ मिळाली. संग्रहालयाची इमारत १८७२ मध्ये लोकांसाठी खुली झाली. पुढे तिला भाऊ दाजींचेच नाव देण्यात आले. १८७३ मध्ये बागेचा कारभार नगरपालिकेकडे गेला.

भायखळा, लालबाग, परळ हा गिरणगावाचा भाग या बागेला लागून आहे. खाजगी बाग पाहण्याची संधी कधीच न मिळालेल्या कुटुंबांना देशोदेशीची झाडे इथे सुटीच्या दिवशी पाहता येऊ लागली. ब्रह्मदेशातून आलेली उर्वशी आणि आफ्रिकेतील गोरखचिंच इथे वाढली. महापालिकेचे वार्षिक उद्यान प्रदर्शन हिवाळ्याच्या अखेरीस याच बागेत भरते. अशा प्रदर्शनांतून गुलाब, शेवंती आणि बोन्सायच्या जोडीला कुंडीतले ऑर्किड सामान्य मुंबईकरांच्या नजरेखालून जाऊ लागले.

काचघरांतील मरण आणि धडा

मुंबईच्या बागेत राज्याच्या उपयोगाची झाडे वाढत होती त्याच काळात इंग्लंडमध्ये ऑर्किडचे वेड पसरले. श्रीमंतांनी जगभरातून रोपे मागवली. उष्ण देशांतील झाडाला जितकी उष्णता द्यावी तितकी थोडीच, असा तेव्हाचा समज होता. रोपे मातीच्या कुंड्यांत लावून त्या कुंड्या चामडे कमावण्याच्या सालीच्या आंबत्या, तापत्या ढिगात पुरल्या जात. खिडक्या घट्ट बंद असत. धुराची आणि वाफेची घुसमट वेगळीच. रोपे हजारांनी मेली. इंग्लंड ही उष्ण कटिबंधातील ऑर्किडची दफनभूमी झाली आहे, असे वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकर यांनी म्हटल्याचे सांगितले जाते.

ही पद्धत बदलण्यात चॅट्सवर्थचे मुख्य माळी जोसेफ पॅक्स्टन यांचा वाटा मोठा होता. डेव्हनशरच्या ड्यूकने १८३३ मध्ये ऑर्किड जमवायला सुरुवात केली आणि पॅक्स्टन यांनी त्यांच्यासाठी वेगवेगळ्या तापमानाची काचघरे ठेवली. त्यांनी झरोके उघडले, वाटा ओल्या ठेवून दमटपणा राखला आणि मुळांना निचरा दिला. काचघरात आता गरम पाण्याचे नळ आले होते. त्यांची ऊब आटोक्यात ठेवता येण्याजोगी होती. १८४५ मध्ये ब्रिटनने काचेवरचा कर रद्द केल्यावर मध्यमवर्गालाही लहान काचघर परवडू लागले. बी. एस. विल्यम्स यांची ऑर्किड वाढवण्यावरची पुस्तिका १८५२ मध्ये निघाली आणि तिच्या आवृत्त्या पुढे अनेक वर्षे निघत राहिल्या.

समुद्रप्रवासातील मरण टाळण्याचा उपाय लंडनचे डॉक्टर नॅथॅनिएल वॉर्ड यांनी शोधला. काचेच्या बंद पेटीत झाडाची वाफ पुन्हा पाणी होऊन मातीत उतरते, हे त्यांच्या लक्षात आले. १८३३ मध्ये अशा पेट्या जहाजाच्या डेकवर ठेवून सिडनीपर्यंत यशस्वीपणे पाठवण्यात आल्या. खारा वारा आणि पाण्याची टंचाई यांपासून झाडे वाचू लागली आणि बंदरांतून रोपांची ये-जा वाढली. या पेट्यांचे छोटे सुबक रूप पुढे इंग्लंडच्या दिवाणखान्यांत आले. दगडी कोळशाच्या गॅसचे दिवे आणि शेकोटीची कोरडी हवा यांत उघड्यावर न टिकणारी झाडे त्या पेटीत टिकत. तापवलेल्या घरात ऑर्किड ठेवण्याचा हा पहिला व्यवहार्य मार्ग होता.

भायखळ्याचा छापखाना ते धोबी तलावाचे कॉलेज

सह्याद्रीतील ऑर्किडचा अभ्यास करणारे सुरुवातीचे लोक बहुतेक कंपनी सरकारचे अधिकारी होते. पुण्याजवळच्या दापोडी येथील सरकारी बागेचे अधीक्षक अलेक्झांडर गिब्सन १८४७ मध्ये मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले. त्यांनी एका भारतीय चित्रकाराकडून दापोडीच्या बागेतील वनस्पतींची चित्रे काढून घेतली. ती आज एडिंबरोच्या वनस्पती उद्यानात जपलेली आहेत. निकोल डॅल्झेल आणि गिब्सन यांचा ‘बॉम्बे फ्लोरा’ हा ग्रंथ १८६१ मध्ये भायखळ्याच्या एज्युकेशन सोसायटी प्रेसमध्ये छापला गेला. हबेनारिया गिब्सनी आणि एरिया डॅल्झेली या ऑर्किडच्या नावांत हे दोघे आजही आहेत. मुंबईच्या मुलकी सेवेतील जॉन सदरलँड लॉ यांच्या नावावरून डेंड्रोबियमच्या एका जातीला लॉइआनम हे नाव मिळाले. रानात ही रोपे शोधून देणारे वाटाडे आणि कातकरी, ठाकर, धनगर वस्त्यांतील माणसे यांची नावे मात्र या ग्रंथांत आली नाहीत. झाड कुठल्या फांदीवर, कुठल्या महिन्यात फुलते हे ज्ञान रानात राहणाऱ्यांकडेच होते.

थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा नवा ग्रंथ सिद्ध केला. त्यानंतर अभ्यासाचे केंद्र गिरगावच्या वेशीवर, धोबी तलावाच्या सेंट झेवियर्स कॉलेजात आले. स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेले जेझुइट फादर एथेलबर्ट ब्लॅटर यांनी तिथे वाळवलेल्या वनस्पतींचा मोठा संग्रह उभा केला. तो आज ब्लॅटर हर्बेरियम म्हणून प्रसिद्ध आहे. १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात ब्लॅटर आणि चार्ल्स मॅकॅन यांनी इलाख्यातील वनस्पतींचा फेरआढावा क्रमशः प्रसिद्ध केला. १९३० च्या दशकाच्या आरंभी त्यात ऑर्किडची पाळी आली आणि हबेनारियाच्या काही नव्या जातींचे वर्णन त्यातून झाले.

ब्लॅटर १९३४ मध्ये वारले. १९४० मध्ये स्पेनचे जेझुइट फादर हेर्मेनेगिल्ड सांतापाव झेवियर्समध्ये आले. खंडाळा आणि परिसरातील वनस्पतींवर त्यांनी विद्यार्थ्यांसह वर्षानुवर्षे काम केले. त्यांचा आणि झरीर कापडिया यांचा ‘द ऑर्किड्स ऑफ बॉम्बे’ हा ग्रंथ १९६६ मध्ये निघाला. फुलाचा आकार, फुलण्याचा महिना आणि वाढण्याची जागा यांची तपशीलवार नोंद असलेला हा ग्रंथ पश्चिम भारतातील ऑर्किडच्या अभ्यासकांचा आधार ठरला. घरी ऑर्किड ठेवणाऱ्यालाही अशा नोंदींतून एक महत्त्वाची गोष्ट कळते. रोपाला पाणी केव्हा द्यावे आणि केव्हा तोडावे हे त्याच्या मूळ जागेच्या दिनदर्शिकेत लिहिलेले असते.

वाडी, चाळ आणि कॉलनी

मुंबईतील घरगुती बागेचे स्वरूप घराच्या रचनेने ठरवले. गिरगावच्या फणसवाडी, केळेवाडी, आंबेवाडी या वस्त्या एकेकाळच्या बागायतींच्या जागी उभ्या राहिल्या. खोताच्या वाडीतील लाकडी ओसऱ्या आणि बाहेरचे जिने कुंड्यांना सावली आणि वारा दोन्ही देत. अंगणातल्या नारळ-आंब्याच्या खोडावर ऑर्किड बांधले तर त्याला वेगळ्या व्यवस्थेची गरज उरत नाही. पण शहर दाटत गेले, अंगणे बुजली आणि बाग वरच्या मजल्यावर चढली.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गिरण्यांबरोबर परळ, लालबाग, काळाचौकीच्या चाळी वाढल्या. एका खोलीत मोठे कुटुंब आणि बाहेर सर्वांची सामाईक गॅलरी. या गॅलरीच्या कठड्यावर तुळस, सदाफुली, गुलाब, मनीप्लँट असायचे. कुंडीऐवजी बहुधा तुपाचा किंवा तेलाचा रिकामा डबा. रोज पूजेला लागणारी तुळस आणि फूल ही या बागेची पहिली गरज होती. वर्षाकाठी एकदा फुलणारे आणि पूजेच्या परंपरेत स्थान नसलेले ऑर्किड इथे यायला कारण नव्हते, आणि विकत घ्यायचे तर ते महाग होते. चाळीच्या गॅलरीत वारा भरपूर असला तरी पाणी ठरावीक वेळी यायचे आणि हंडा-कळशीत साठवावे लागायचे. त्यातून झाडांच्या वाट्याला येणारे पाणी बेतानेच असे.

१८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दादर-माटुंग्याचा आखीव विस्तार त्याच्या योजनांतून झाला. हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी यांच्या कमी उंचीच्या इमारतींना रुंद रस्ते, झाडांच्या रांगा आणि बाल्कन्या मिळाल्या. बाल्कनीला सकाळचे ऊन, दुपारची सावली आणि समुद्राकडून येणारा वारा लाभला की ऑर्किडसाठी काचघर लागत नाही. मुंबईत कुंडीतल्या ऑर्किडचा छंद आधी बंगले आणि अशा बाल्कन्या असलेल्या घरांत रुजणे स्वाभाविक होते. या छंदाला पाण्याचीही अनुकूलता होती. विहार तलाव १८६० मध्ये, तुळशी १८७९ मध्ये आणि तानसा १८९२ मध्ये शहराच्या सेवेत आला. डोंगरातल्या पावसाचे हे पाणी तुलनेने मऊ, कमी क्षारांचे असते. ऑर्किडच्या मुळांवर क्षारांचे पांढरे पुट चढले की ती निकामी होतात. कूपनलिका किंवा टँकरचे पाणी मिळणाऱ्या इमारतींत हा फरक आज स्पष्ट जाणवतो.

बाटलीतले बी आणि दादरचा बाजार

ऑर्किड महाग असण्याचे मूळ कारण त्याच्या बियांत होते. एका शेंगेत धुळीसारख्या लाखो बिया असतात, पण बीजात अन्नसाठा नसतो. निसर्गात विशिष्ट बुरशीची साथ मिळाली तरच बी रुजते. इंग्लंडमध्ये जॉन डॉमिनी यांनी तयार केलेला पहिला संकर १८५६ मध्ये फुलला, तरी रोपे बियांपासून हमखास वाढवणे पुढची कित्येक दशके साधले नाही. फ्रान्समध्ये नोएल बर्नार यांनी विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर बुरशीचे कार्य उलगडले. १९२२ मध्ये अमेरिकेत लुईस नुडसन यांनी साखर आणि क्षार घातलेल्या जेलीवर, बुरशीशिवाय, काचेच्या बाटलीत बिया रुजवून दाखवल्या. १९६० मध्ये फ्रान्सचे जॉर्ज मोरेल यांनी वाढत्या अंकुराच्या टोकापासून एकाच झाडाच्या असंख्य प्रती करण्याचा मार्ग दाखवला. या दोन शोधांनी ऑर्किड श्रीमंतांच्या काचघरातून कारखानदारी उत्पादनात आले.

त्याचे पहिले दृश्य रूप मुंबईत फुलांच्या बाजारात दिसले. दादर स्थानकालगतच्या फुलबाजारात आणि भुलेश्वरच्या फूलगल्लीत झेंडू, शेवंती, मोगरा, अष्टर यांच्या राशींच्या जोडीला थायलंडहून विमानाने आलेल्या जांभळ्या-पांढऱ्या डेंड्रोबियमच्या दांड्या विकल्या जाऊ लागल्या. पाकळी जाड, वजन हलके आणि टिकाऊपणा जास्त असल्यामुळे लग्नाचे मंडप, पुष्पगुच्छ आणि गणेशोत्सवातील सजावट यांत त्या झपाट्याने शिरल्या. लालबाग-परळच्या मंडपांत देवाच्या मखरासाठी ऑर्किड वापरले जाऊ लागले आणि पूजेत पूर्वी नसलेले हे फूल उत्सवाच्या डोळ्यांना सरावाचे झाले. फूल ओळखीचे झाले की त्याचे रोप मागणारेही येतात. शहरातील रोपवाटिकांत डेंड्रोबियम, व्हँडा, मोकारा आणि फॅलेनॉप्सिस यांच्या कुंड्या मिळू लागल्या. पुण्याच्या परिसरातील पॉलिहाऊसमध्ये बाहेरून आणलेली लहान रोपे वाढवून विकण्याचा व्यवसायही उभा राहिला. केंद्र सरकारने १९९६ मध्ये सिक्कीममधील पाक्योंग येथे ऑर्किडसाठी राष्ट्रीय संशोधन केंद्र सुरू केले.

तापवलेले घर आणि थंड केलेले घर

पहिल्या महायुद्धात कोळशाची टंचाई झाली आणि इंग्लंडमधील अनेक काचघरे थंड पडली. दुसऱ्या महायुद्धानंतर पश्चिमेकडील घरांत केंद्रीय उष्णता व्यवस्था पसरली आणि ऑर्किड काचघरातून खिडकीच्या कट्ट्यावर आले. या जागेसाठी फॅलेनॉप्सिस सर्वांत सोयीचे ठरले, कारण त्याला माणसाच्याच सोयीचे तापमान लागते: दिवसा २० ते ३० आणि रात्री १६ ते २० अंश सेल्सियसच्या आसपास. कमी उजेडातही ते भागवून घेते. अडचण हवेची असते. बाहेरची गोठलेली हवा घरात तापवली की तिची सापेक्ष आर्द्रता ३० टक्क्यांच्याही खाली जाऊ शकते, आणि ऑर्किडला ५० ते ७० टक्के मानवते. कळ्या सुकून गळतात, पानांना सुरकुत्या पडतात. लंडन, न्यू जर्सी किंवा टोरांटोच्या मराठी घरांत हिवाळ्यात ऑर्किड जगवताना खडे आणि पाणी भरलेल्या ताटलीवर कुंडी ठेवणे, रेडिएटरपासून ती दूर ठेवणे, झाडे एकमेकांजवळ ठेवणे आणि पंख्याने हवा हलती ठेवणे हे उपाय केले जातात. खड्यांवर ठेवलेल्या कुंडीचा तळ पाण्याला टेकू द्यायचा नसतो.

मुंबईत हाच प्रश्न उलट वाटेने आला. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्यानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि १९९१ च्या विकास नियमांनंतर त्यांच्या जमिनी बांधकामाला खुल्या होत गेल्या. परळ-लालबागच्या चाळींशेजारी काचेच्या दर्शनी भिंतींचे मनोरे उभे राहिले. अनेक जुन्या इमारतींत बाल्कन्या खोलीत सामावून घेतल्या गेल्या, खिडक्यांना सरकती तावदाने आली आणि वातानुकूलन यंत्र ही सामान्य गोष्ट झाली. हे यंत्र हवा थंड करताना तिच्यातील बाष्पाचे पाणी करून ते नळीवाटे बाहेर टाकते. इमारतींच्या मागच्या बाजूला टपकणारे पाणी हेच. म्हणजे बाहेर मुंबईचा दमट उकाडा असताना ऑर्किडच्या वाट्याला तावदानाआड कोरडी, स्थिर हवा येते. यंत्राच्या थेट झोतात ठेवलेल्या झाडाच्या कळ्या तापवलेल्या घरातल्यासारख्याच गळतात. उपायही तेच: झोतापासून दूर जागा, झाडांचा समूह, आणि शक्य असेल तेव्हा खिडकीबाहेरच्या ग्रिलमधला वारा.

मुंबईच्या वर्षातील निगा

मुंबईच्या घरात ऑर्किडची निगा ऋतूंप्रमाणे बदलते. कुंडीत माती कधीच घालायची नसते. लोणारी कोळसा, विटांचे तुकडे आणि नारळाच्या सोडणाचे भिजवून धुतलेले तुकडे हे इथे सहज मिळणारे माध्यम. कुंडीला बाजूनेही भोके असावीत. व्हँडाला तर माध्यमाचीही गरज नसते. लाकडी किंवा प्लास्टिकच्या टोपलीत त्याची मुळे मोकळी लोंबती ठेवतात आणि रोज भिजवतात. पूर्वेची गॅलरी सर्वांत चांगली. पश्चिमेच्या गॅलरीत दुपारनंतरचे ऊन अडवण्यासाठी हिरवी जाळी लावावी लागते. पान गडद हिरवे आणि लुळे झाले तर उजेड कमी पडतो आहे, पिवळट किंवा भाजल्यासारखे डाग पडले तर ऊन जास्त होते आहे, असे समजावे.

मार्च ते मे हा पाण्याचा काळ. टोपलीतल्या झाडांना दिवसातून दोनदा पाणी लागू शकते, कुंडीतल्यांना माध्यम सुकत आल्यावर. पाणी सकाळी द्यावे, म्हणजे पानांच्या बेचक्यात साचलेले पाणी रात्रीपूर्वी सुकते. फुले ओसरून नवी मुळे फुटू लागली की कुंडी बदलावी. कुजलेली मुळे स्वच्छ कात्रीने कापून टाकावीत.

जून ते सप्टेंबर हा वाढीचा काळ आणि धोक्याचाही. मुंबईत वर्षाला दोन हजार मिलीमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक या चार महिन्यांत. दिवसेंदिवस भिजणाऱ्या फॅलेनॉप्सिसचा मधला कोंब कुजतो. म्हणून ते छपराखाली, वाऱ्याच्या जागी हलवावे. डेंड्रोबियम आणि व्हँडा पाऊस बराच सोसतात, पण संततधारेत त्यांनाही आडोसा हवा. गोगलगायी कोवळी मुळे आणि कळ्या खातात; त्या रात्री शोधून काढाव्या लागतात. पातळ केलेले खत या काळात आठवड्याने किंवा पंधरवड्याने पुरते.

ऑक्टोबरच्या उकाड्यात पाणी पुन्हा वाढवावे लागते. दक्षिणेकडे कललेला सूर्य छज्ज्याखालून थेट आत येत असल्याने कुंड्यांच्या जागाही तपासाव्या लागतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा फॅलेनॉप्सिसचा महत्त्वाचा काळ. या झाडाला फुलाचा दांडा काढण्यासाठी काही आठवडे थंड रात्री लागतात, आणि मुंबईतही जानेवारीत किमान तापमान १७ ते २० अंशांच्या आसपास उतरते. गॅलरीत किंवा उघड्या खिडकीशी ठेवलेल्या झाडाला हा इशारा मिळतो, बंद खोलीतल्या झाडाला मिळतोच असे नाही. सह्याद्रीतील पानगळीच्या डेंड्रोबियमला याच महिन्यांत पाणी जवळजवळ तोडावे लागते. त्याला या काळात सतत पाणी दिले तर फुलांच्या जागी नुसती रोपे फुटतात. पिठ्या ढेकूण आणि खवले कीड कोरड्या महिन्यांत वाढतात. पानाच्या बगला आणि मागची बाजू ओल्या फडक्याने पुसत राहिल्याने त्या आटोक्यात राहतात.

रानातले ऑर्किड रानात

एकोणिसाव्या शतकातील छंद रान ओरबाडून पोसला गेला. एका रोपासाठी पूर्ण झाडे तोडल्याची उदाहरणे जगभर नोंदली गेली आहेत. भारत १९७६ मध्ये संकटग्रस्त वन्यजीव आणि वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील करारात सामील झाला. या कराराच्या नियंत्रणाखाली संपूर्ण ऑर्किड कुळ येते. वन्यजीव संरक्षण कायद्यात १९९१ मध्ये झालेल्या दुरुस्तीने निळा व्हँडा, लाल व्हँडा आणि लेडीज स्लिपर यांना देशातही विशेष संरक्षण मिळाले. संरक्षित जंगलातून कोणतेही रोप उपटून आणणे बेकायदाच आहे.

कायद्याखेरीज व्यवहाराचेही कारण आहे. रानातून आणलेले रोप आपल्या फांदीवरची बुरशी, वारा आणि पावसाचा क्रम मागे सोडून येते आणि शहरात बहुधा वर्षा-दोन वर्षांत संपते. बाटलीत रुजवलेला संकर पिढ्यान्‌पिढ्या कुंडीतच वाढलेला असतो. त्याला गिरगावची गॅलरी आणि परळच्या मनोऱ्यातली खिडकी दोन्ही मानवू शकतात. सीतेची वेणी किंवा डेंड्रोबियम बार्बाट्युलम पाहायचे तर फुलण्याच्या महिन्यात सह्याद्रीत जाऊन फांदीवरच पाहावे. घरासाठी रोपवाटिकेतले, मूळ ठिकाणाची माहिती देणारे रोप घ्यावे. आज डेंड्रोबियमचे संकर हे नवख्या मुंबईकरासाठी सर्वांत सोपे ठरतात, कारण त्यांना ऊन, उकाडा आणि दमटपणा तिन्ही चालतात. फॅलेनॉप्सिसला सावली आणि आडोसा लागतो, व्हँडाला रोजचे पाणी आणि मोकळी हवा. या तीन गटांची गरज ओळखून जागा निवडली की शहरातील बहुतेक घरांत यांपैकी एखादे ऑर्किड वर्षानुवर्षे फुलत राहते.